ऑनलाइन चित्रफितींची लक्षवेधी शीर्षके

यूट्यूबसारख्या मंचावरील चित्रफीत प्रेक्षकाने उघडावी, या हेतूने तिला दिलेल्या कुतूहल जागविणाऱ्या नावास लक्षवेधी शीर्षक म्हणतात. चित्रफीत सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकाला प्रामुख्याने तिचे शीर्षक आणि थंबनेल दिसते. ती पाहायची की नाही, हे बहुधा या दोहोंवरूनच ठरते. शीर्षक आकर्षक असूनही आतील आशयाशी प्रामाणिक राहू शकते. शीर्षकाने दिलेले आश्वासन चित्रफितीत पूर्ण होत नसेल, तर अशा शीर्षकास क्लिकबेट असे संबोधले जाते. मराठी पर्यटनविषयक चित्रफितींत हे दोन्ही प्रकार आढळतात. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा आणि सांधण दरी ही ठिकाणे असलेला अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी

वाचकाला थांबविणारा मथळा ही वृत्तपत्रांची जुनी परंपरा आहे. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'तील १८९७ सालचा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख त्याच्या प्रश्नार्थक मथळ्यामुळे आजही स्मरणात आहे. त्या मथळ्यातील प्रश्न हाच अग्रलेखाचा विषय होता.

यूट्यूबवरील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी जावेद करीम या सहसंस्थापकाने प्रसिद्ध केली. १९ सेकंदांच्या या चित्रफितीचे शीर्षक 'मी ॲट द झू' असे साधे होते. पुढे चित्रफितींची संख्या वाढली आणि जाहिरातींचे उत्पन्न निर्मात्यांना मिळू लागले, तेव्हा शीर्षकांमधील स्पर्धाही वाढली. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारस प्रणालीत केवळ पाहिल्याच्या संख्येऐवजी प्रेक्षकाने चित्रफीत किती वेळ पाहिली, यास अधिक महत्त्व देण्यास सुरुवात केली. फसव्या शीर्षकाने चित्रफीत उघडणारा प्रेक्षक ती लगेच बंद करतो, हे या बदलामागील एक कारण होते.

मानसशास्त्रीय आधार

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टीन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाविषयी 'माहितीतील दरी'चा सिद्धान्त मांडला. आपल्याला माहीत असलेली आणि जाणून घ्यावीशी वाटणारी गोष्ट यांतील अंतराची जाणीव झाली, की कुतूहल निर्माण होते, असे त्याचे सार आहे. लक्षवेधी शीर्षक हे अंतर दाखवून देते. शीर्षकातच सर्व काही सांगितले तर कुतूहल उरत नाही. काहीच सांगितले नाही तर ते निर्माणच होत नाही.

प्रेक्षकासमोर आलेल्या चित्रफितींपैकी किती उघडल्या गेल्या, याचे प्रमाण निर्मात्यांना पाहता येते. यूट्यूबच्या माहितीनुसार निम्म्या वाहिन्यांचे व चित्रफितींचे हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. मात्र हे प्रमाण जास्त आणि पाहण्याचा सरासरी वेळ अत्यल्प असेल, तर शीर्षक व आशय यांचा मेळ नसल्याची शक्यता असते.

रचना व भाषा

मराठी शीर्षकांत पुढील प्रकार नेहमी दिसतात :

• प्रश्नार्थक : उत्तर चित्रफितीत असल्याचे सूचित करणारे.
• संख्यात्मक : ठिकाणांची संख्या, अंतर, खर्च किंवा दिवस सांगणारे.
• श्रेष्ठतादर्शक : 'सर्वांत उंच', 'सर्वांत खोल', 'एकमेव' अशी विशेषणे वापरणारे.
• गूढतादर्शक : रहस्य, शाप किंवा दंतकथेचा आधार घेणारे.
• भयसूचक : धोका वा अपघात यांकडे लक्ष वेधणारे.
• उपयुक्ततादर्शक : मार्ग, ऋतू, मुक्काम इत्यादी माहिती देणारे.

यूट्यूबवर शीर्षकासाठी १०० वर्णचिन्हांची मर्यादा आहे. मोबाइलच्या पडद्यावर त्यातीलही सुरुवातीचाच भाग दिसतो. युनिकोडमध्ये मात्रा आणि जोडाक्षरातील हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असतात. 'शीर्षक' हा तीन अक्षरी शब्द युनिकोडमध्ये सहा चिन्हांचा होतो. म्हणून देवनागरी शीर्षकात महत्त्वाचा शब्द आरंभी घेणे सोयीचे ठरते.

स्थलनामे लिहितानाही काळजी घ्यावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले आणि विदर्भातील अकोला ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. परंतु विभक्ती लागल्यावर दोन्हींचे रूप 'अकोल्यात' असे एकच होते. केवळ 'अकोल्यातील धबधबे' असे शीर्षक दिल्यास प्रेक्षकाची दिशाभूल होऊ शकते. तालुका किंवा जिल्हा नमूद केल्याने हा घोटाळा टळतो.

अकोले तालुक्यातील उदाहरणे

सांधण दरी : साम्रद गावाजवळील ही अरुंद घळ सुमारे दोन किलोमीटर लांब असून तिच्या दोन्ही बाजूंस उंच कातळभिंती आहेत. अनेक शीर्षकांत तिचा उल्लेख 'आशियातील दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी' असा केला जातो. तिबेटमधील यारलुंग त्सांगपो आणि नेपाळमधील काली गंडकी या नद्यांच्या दऱ्यांची खोली हजारो मीटरमध्ये मोजली जाते. सांधणच्या भिंती शेकडो फुटांच्या आहेत. त्यामुळे हा दावा टिकत नाही. तरीही एका शीर्षकातून दुसऱ्यात उतरत गेल्याने तो सर्वमान्य माहितीसारखा वापरला जातो.

हरिश्चंद्रगड : गडावरील केदारेश्वर लेण्यात पाण्याने वेढलेले शिवलिंग आहे. त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चार खांब ही चार युगे असून चौथा कोसळताच जगाचा अंत होईल, अशी दंतकथा आहे. ती दंतकथा असल्याचे न सांगता 'शेवटचा खांब तुटला तर' अशा धर्तीची शीर्षके दिली जातात. लेणे डोंगरात कोरलेले असल्यामुळे त्याचे छत मूळ खडकाचाच भाग आहे. तीन खांब तुटूनही ते टिकून आहे.

कळसूबाई : १,६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर 'महाराष्ट्राचे एव्हरेस्ट' या नावाने शीर्षकांत येते. 'सर्वोच्च' हे विशेषण येथे अतिशयोक्त नसून वस्तुस्थितीच सांगते.

कीर्तन : इंदोरी गावचे कीर्तनकार निवृत्ती महाराज देशमुख ऊर्फ इंदुरीकर यांच्या कीर्तनांचे छोटे तुकडे अनेक वाहिन्यांवर निरनिराळ्या शीर्षकांखाली प्रसारित होतात. मूळ निरूपणाचा संदर्भ तुकड्यात नसतो. तो बहुतांशी शीर्षकानेच ठरविला जातो.

राहीबाई पोपेरे : कोंभाळणे येथील राहीबाईंना देशी बियाण्यांच्या संवर्धनासाठी पद्मश्री पुरस्कार २०२० मध्ये जाहीर झाला. त्यांच्यावरील चित्रफितींच्या शीर्षकांत 'बीजमाता' हा शब्द आढळतो. हा एकच शब्द कुतूहल जागवितो आणि त्यांच्या कार्याचे नेमके वर्णनही करतो.

परिणाम

पर्यटनविषयक शीर्षकाचा परिणाम पडद्यापुरता मर्यादित राहत नाही. मान्सूनपूर्व काळात भंडारदरा परिसरात काजवे पाहण्यासाठी मोठी गर्दी होते. काजवे प्रकाशाच्या संकेतांनी जोडीदार शोधतात आणि कृत्रिम उजेडाने त्यात अडथळा येतो. 'एकदा तरी पाहावेच' असे सुचविणाऱ्या चित्रफितीत विजेरी व वाहनांचे दिवे टाळण्याची सूचना नसेल, तर ज्या दृश्याची ती प्रशंसा करते, त्यासच बाधा पोहोचते. कळसूबाई व हरिश्चंद्रगड यांभोवतीचा प्रदेश १९८६ पासून अभयारण्य आहे, ही बाबही येथे महत्त्वाची ठरते.

सुरक्षिततेचा प्रश्नही असाच आहे. पावसाळ्यात सांधण दरीतून पाण्याचा लोट वाहतो आणि तेथे उतरणे जीवघेणे ठरू शकते. 'सोपी सहल' हे शीर्षक अननुभवी पर्यटकाला तेथे नेऊ शकते, तर 'मृत्यूची दरी' हे शीर्षक धोक्याचेच आकर्षण निर्माण करते. कोणत्या महिन्यात जाऊ नये, ही प्रत्यक्ष उपयोगाची माहिती या दोन्हींत नसते.

मंचांची धोरणे

प्रेक्षकाला चित्रफितीतील आशयाविषयी फसविणारी शीर्षके व थंबनेल यूट्यूबच्या नियमांत निषिद्ध आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने भारतात, विशेषतः बातम्या व चालू घडामोडींच्या बाबतीत, अशा ठळक क्लिकबेटवर अधिक कडक कारवाई करण्याचे जाहीर केले. फेसबुकने २०१४ पासून क्लिकबेटचा प्रसार कमी करण्याचे उपाय योजले आहेत. मात्र 'दुसऱ्या क्रमांकाची दरी' यांसारखा दावा निर्मात्यालाही खरा वाटत असतो. त्याची पडताळणी निर्माता व प्रेक्षक यांनाच करावी लागते.

प्रामाणिक लक्षवेधी शीर्षकाचे निकष

शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर चित्रफितीत असावे. श्रेष्ठतादर्शक विशेषणास मोजमापाचा आधार असावा. दंतकथा ही दंतकथा म्हणूनच मांडावी. आणि ठिकाण व ऋतू स्पष्ट असावेत. 'आशियातील दुसरी खोल दरी' याऐवजी 'सांधण दरी : दोन भिंतींमधून दोन किलोमीटर, पावसाळ्यात का जाऊ नये?' असे शीर्षक देता येते. त्यात संख्या, प्रश्न आणि धोका हे तिन्ही घटक आहेत आणि प्रत्येक खरा आहे.