कोयनेचा खडक कोणीकडे सरकला?

या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या गणेशोत्सवांचा, नाट्यप्रयोगांचा आणि दिवंगत कार्यकर्त्यांचा इतिहास अन्य लेखांतून वाचकांपुढे येईलच. आम्ही मात्र येथे एका खडकाचा इतिहास सांगू इच्छितो. लालबागेतील तो उघडा कातळ बंगळूरच्या प्रत्येक मराठी कुटुंबाने पाहिला आहे; गावाकडून पाहुणे आले की त्यांना तेथे न्यावयाचे, हा आपला परिपाठच आहे. सुमारे ३०० कोटी वर्षांच्या या नाइस जातीच्या खडकावर उभे राहिले की दख्खनची भूमी अचल आहे अशी मनाची खात्री पटते. १९६७ सालापर्यंत बहुतेक विद्वानांचीही तशीच समजूत होती.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ती समजूत कोसळली. ६.३ महत्तेच्या भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त झाले, सुमारे २०० माणसे दगावली आणि धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा पडल्या. आमच्यापैकी कित्येक घराणी सातारा, कऱ्हाड, पाटण या बाजूची. त्यांच्या घरी त्या पहाटेच्या आठवणी अजून निघतात. ज्या धरणाला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणून गौरविले, त्याच्याच पायथ्याशी हे घडावे याचा चटका मोठा होता. जलाशयात पाणी साठू लागल्यावर, १९६२ पासूनच, त्या परिसरात लहान धक्के जाणवत होते. तेव्हा धरणानेच भूकंप आणला काय, हा प्रश्न लोकांच्या तोंडी येणे स्वाभाविक होते. काही जाणत्यांना मात्र ही कावळा बसायला आणि फांदी मोडायला पडलेली गाठ वाटली.

या वादाचा निवाडा करण्यास एक शास्त्र उपयोगी पडले. भूगर्भात खडक कोणत्या प्रतलावर तुटला आणि कोणत्या दिशेने सरकला, हे दूरच्या यंत्रांवरील नोंदींतून वाचण्याचे हे शास्त्र होय. खडक विभंगावर सरकताना पुढच्या बाजूची भूमी ढकलली जाते, मागची ओढली जाते. विभंगाच्या दोन्ही काठांवर हेच उलटसुलट घडते. त्यामुळे भोवतालच्या मुलखाचे भाकरीसारखे चार चतकोर पडतात. समोरासमोरच्या दोन चतकोरांतील ठाण्यांवर भूकंपलाटेचे पहिले पाऊल ढकलीचे, उरलेल्या दोहोंत ओढीचे. जपानी शास्त्रज्ञ शिदा यांच्या ध्यानी ही मांडणी १९१७ सालीच आली होती. उणीव होती ती जगभर विखुरलेल्या एकसारख्या यंत्रांची.

ती उणीव अणुबाँबने भरून काढली, हे विलक्षण खरे. जमिनीखालील अणुस्फोट ओळखता यावेत म्हणून १९६० नंतर अमेरिकेने जगभर प्रमाणित भूकंपमापकांचे जाळे विणले. त्यात आपल्याकडील पुणे, कोडाईकनाल, दिल्ली व शिलाँग ही ठाणी होती. आपल्या बंगळूरच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथेही तुर्भ्याच्या अणुशक्ती संस्थेने (आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र) ब्रिटिशांच्या सहकार्याने १९६५ साली काटकोनातील दोन ओळींत भूकंपमापक मांडले, तेही याच हेतूने. स्फोट चहूबाजूंना ढकलतो, भूकंप मात्र काहींना ढकलतो व काहींना ओढतो. दोहोंतील भेद ओळखण्याची ही एक खूण. शत्रूवर पाळत ठेवण्यास निघालेल्या विद्येने पृथ्वीचे गुपित उघडे केले. १९६७ सालीच साइक्स यांनी महासागरातील पर्वतरांगांवरच्या भूकंपांच्या अशा नोंदी तपासून तेथील विभंग विल्सन यांनी १९६५ साली वर्तविल्याप्रमाणेच सरकतात, हे दाखविले आणि भूपट्टांच्या सिद्धान्ताला बळकटी आली.

कोयनेविषयीची आरंभीची उत्तरे एकमेकांशी पुरती जुळत नव्हती. पुढे १९६९ साली ली व रॅले यांनी आणि १९७६ साली लँगस्टन यांनी जे मांडले, त्याचा आशय असा की खडक मुख्यतः आडवा सरकला. या पद्धतीत एक अडचण नेहमीची आहे : काटकोनात छेदणाऱ्या दोन प्रतलांपैकी खरे तुटलेले कोणते, हे नोंदी सांगत नाहीत. येथे जमिनीनेच साक्ष दिली. नानेल परिसरात पडलेल्या भेगांची ओळ उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य अशी होती. तेव्हा तेच प्रतल खरे ठरले. विभंगाच्या एका काठावर उभे राहून पाहिल्यास समोरचा काठ डावीकडे सरकलेला दिसावा, अशी ती हालचाल. या गणिताप्रमाणे आग्नेयेस असलेले आपले बंगळूर ओढीच्या चतकोरात पडते!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केवळ पाण्याच्या भाराने खडक मोडला असता तर तो खाली खचावयास हवा होता. तो आडवा सरकला, याचा अर्थ त्याला सर्वसाधारणपणे उत्तर-दक्षिण दिशेने कोणीतरी आधीच दाबत होते. तो दाब भारतीय भूपट्टाचा. वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर वेगाने तो आशियाला भिडतो आहे आणि हिमालयापाशी अडल्याचा ताण पार सह्याद्रीपर्यंत पोहोचतो. जलाशयाचे पाणी भेगांतून खोल झिरपले, तेथील दाब वाढला, खडकांची एकमेकांवरील पकड सैल झाली. पाणी निमित्त झाले. बळ भूपट्टाचे होते. अर्थात निमित्त म्हणजे निर्दोष नव्हे, कारण हे निमित्त नसते तर तो ताण आणखी किती काळ तसाच राहिला असता कोण जाणे. शिवाय नंतर दक्षिणेस वारणेच्या बाजूचे काही धक्के खडक खचल्याचे आढळले आहेत. सारे एका सूत्रात बसविण्याचा मोह आम्हांस आवरावा लागतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या झोपेत, किल्लारी उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे गेली. तेथील नोंदींत खडक आडवा नव्हे, तर एक बाजू दुसरीवर चढलेली आढळली. हालचाल निराळी, परंतु दाबाची दिशा ढोबळमानाने तीच. मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी माणसे अधिक मारली, हे दुःख वेगळेच.

कोयनेत १९६७ नंतरही ५ व त्याहून अधिक महत्तेचे वीसहून अधिक धक्के बसले. त्यांची नाभी गाठण्यासाठी गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर खणण्यात आले. ते २०१७ साली पुरे झाले. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे १,२५० मीटरांवर संपला आणि खाली लागला तो ग्रॅनाइट व नाइस जातीचा पुरातन तळखडक, आपल्या लालबागेतील कातळाच्याच कुळातला. कोयनेचे बहुतांश भूकंप याच खडकात होतात.