संथ आजार आणि अठ्ठेचाळीस आठवडे

ऑगस्ट २०१७ मध्ये अल्ट्राजेनिक्स ह्या अमेरिकी कंपनीने एका औषधावरील काम थांबवत असल्याचे जाहीर केले. औषध होते असेन्युरॅमिक आम्ल, आणि आजार होता जीएनई मायोपॅथी. ४८ आठवडे चाललेल्या चाचणीत औषध घेणारे आणि न घेणारे ह्यांच्यात दखल घेण्याजोगा फरक आढळला नव्हता. वैद्यकाच्या दप्तरात अशी नोंद 'अयशस्वी' ह्या एका शब्दाखाली जाते. पुढे साडेसहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, जपानने हेच द्रव्य ह्याच आजारावरील औषध म्हणून मान्य केले. एका संहितेचे दोन परस्परविरोधी अन्वयार्थ निघावेत, हे साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. मात्र येथे त्या अन्वयार्थांवर माणसांचे चालणे अवलंबून आहे. म्हणून हे दोन निकाल कसे लागले, आणि महाराष्ट्रातील एखाद्या रुग्णाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय, हे थोडे तपशिलात पाहणे अगत्याचे वाटते.

प्रथम आजाराविषयी. हा विकार जन्मजात असला तरी बालपणी दिसत नाही. विशीत किंवा तिशीत पाऊल लोंबू लागते, चप्पल पायातून निसटते, सपाट रस्त्यावरही ठेच लागते. नडगीपुढचा स्नायू, म्हणजे पाऊल वर उचलणारा, आधी दुबळा होतो. मग अशक्तपणा मांड्यांच्या मागच्या बाजूला, हातांना, खांद्यांना व्यापतो. आश्चर्य असे की मांडीचा पुढचा स्नायुसमूह फार उशिरापर्यंत शाबूत राहतो. सुरुवातीपासून दहा ते वीस वर्षांत बहुतेकांना चाकांची खुर्ची लागते. बुद्धी, वाचा, दृष्टी ह्यांना धक्का लागत नाही. ऐन उमेदीतला माणूस आपल्या शरीराची माघार वर्षानुवर्षे, पूर्ण जाणिवेने पाहत राहतो.

ह्या विकाराची ओळख दोन ठिकाणी, दोन नावांनी झाली. १९८१ मध्ये जपानमध्ये इकुया नोनाका व सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. १९८४ मध्ये जेरुसलेममध्ये झोहर अर्गोव्ह आणि यारोम ह्यांनी इराणी वंशाच्या ज्यू कुटुंबांत, मांडीच्या पुढच्या स्नायूंना वगळणारा म्हणून त्याची नोंद केली. हे दोन वेगळे आजार आहेत असेच बराच काळ मानले जाई. २००१ मध्ये स्टेला मित्रानी-रोझेनबाउम ह्यांच्या गटाने नवव्या गुणसूत्रावरील जीएनई हे जनुक दोषी असल्याचे दाखवले. जपानी रुग्णांतही तेच जनुक बिघडलेले आहे हे लवकरच कळले आणि दोन नावांचा एकच आजार झाला. आई व वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच तो प्रकटतो. एकच प्रत बाळगणारे आईवडील स्वतः निरोगी असतात, आणि म्हणूनच घरात कोणाला कल्पना नसते.

हे जनुक ज्या विकराची कृती सांगते, तो विकर शरीरात सायलिक आम्ल तयार करण्याच्या साखळीतील पहिल्या दोन पायऱ्या चालवतो. ह्या आम्लाचे नाव लाळेसाठीच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, कारण स्वीडनचे गुन्नार ब्लिक्स ह्यांना ते प्रथम गुरांच्या लाळग्रंथींतील स्रावात सापडले. पेशींच्या पृष्ठभागावर, प्रथिनांना जोडलेल्या शर्करांच्या टोकाशी ते बसलेले असते. तेव्हा तर्क सरळ होता: जे कमी पडते ते बाहेरून द्यावे. २००७ मध्ये अमेरिकेत चार रुग्णांना सायलिक आम्लाने समृद्ध असलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देऊन पाहण्यात आले. २००९ मध्ये जपानच्या मलिकदान, नोगुची, निशिनो आदींनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. सायलिक आम्ल किंवा त्याची पूर्वद्रव्ये दिलेल्या उंदरांत आजार वाढलाच नाही.

ह्या प्रयोगातील एक बाब पुढच्या इतिहासाची किल्ली आहे. ते उपचार प्रतिबंधक होते. उंदरांना औषध मिळाले ते लक्षणे दिसण्यापूर्वी. माणसांच्या बाबतीत असे होणे जवळजवळ अशक्य, कारण माणसाचे निदानच पाऊल लोंबू लागल्यावर, आणि पुष्कळदा त्यानंतर काही वर्षांनी होते. गेलेल्या स्नायूच्या जागी चरबी व तंतू भरले की तिथे परत स्नायू उगवत नाही. म्हणजे उंदरांतील प्रश्न 'आजार रोखता येतो का?' असा होता, आणि माणसांतील चाचणीचा प्रश्न 'चालू असलेली घसरण थोपवता येते का?' असा. दोन्ही प्रश्न एकच मानले गेले की पहिल्याचे उत्तर दुसऱ्याची आशा होऊन बसते.

अल्ट्राजेनिक्सच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत अनेक देशांतील ८९ प्रौढ रुग्ण होते. साधारण निम्म्यांना रोज सहा ग्रॅम औषध, उरलेल्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोण काय घेतो हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. मुख्य मापन होते हातांच्या शक्तीचे, हाती धरायच्या बलमापकाने घेतलेले. आजार पायांपासून सुरू होतो आणि मोजले हात, हे वाचून प्रथम नवल वाटेल. पण त्यालाही तर्क आहे: पायांत मोजण्याजोगे फारसे उरलेले नसेल, तर फरक कुठे दिसणार? दिला गेलेला अवधी मात्र ४८ आठवड्यांचाच. वीस वर्षे घेणाऱ्या आजाराला एका वर्षाच्या आतच साक्ष देण्यास उभे केले. त्याने दिलेली साक्ष अशी की फरक नाही. ती साक्ष खोटी म्हणता येत नाही. चाचणी नियमाने झाली, निकाल २०१९ मध्ये संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला, दडपला गेला नाही. औषध निरुपयोगी होते, की उशिरा दिले गेले, की मोजपट्टी जाड आणि काळ तोकडा होता, हे मात्र त्या एका निकालावरून ठरत नाही.

जपानमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तेथील रुग्णांनी २००८ मध्ये संघटना स्थापली, सह्यांच्या मोहिमा चालवल्या, सरकारदरबारी खेटे घातले. तोहोकू विद्यापीठात मासाशी आओकी ह्यांच्या नेतृत्वाखाली चाचण्या झाल्या. रुग्णसंख्या जेमतेम विसाच्या घरात. तेथे औषध घेणाऱ्यांच्या हातांची शक्ती टिकल्याचे आणि न घेणाऱ्यांची घटल्याचे दिसले. नोबेलफार्मा ह्या कंपनीला मान्यता मिळाली. टीकाकार म्हणतील की वीस माणसांवरून काय ठरते, ८९ वर तर ठरले होते. समर्थक म्हणतील की दुर्मीळ आजारात मोठी संख्या आणणार कोठून? दोघांचेही म्हणणे रास्त आहे, आणि वाद तूर्त तेथेच आहे.

आता आपल्याकडे वळू. हा आजार भारतात अपूर्वाईचा नाही. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर, बेंगळुरूच्या निम्हान्समधील डॉ. ए. नलिनी, आणि 'वर्ल्ड विदाउट जीएनई मायोपॅथी' ही संस्था उभी करणारे सुधा व आलोक भट्टाचार्य हे शास्त्रज्ञ दांपत्य, अशा अनेकांच्या सहभागाने २०१८ मध्ये भारतीय उपखंडातील रुग्णांच्या जनुकदोषांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ७२७व्या स्थानावरील एक विशिष्ट बदल सर्वाधिक आढळला. जपानी वा इराणी ज्यू रुग्णांत जे बदल प्रामुख्याने दिसतात, त्यांहून तो निराळा. बदल निराळा असल्यास आजाराची गतीही निराळी असू शकते, आणि औषधाला मिळणारा प्रतिसादही. म्हणजे दोन्ही निकाल ज्यांच्या शरीरांवरून लागले, ते बहुतांशी आपले रुग्ण नव्हेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांवरील औषधांसह काही वर्गांतील औषधांना, ती अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघात मान्य असल्यास, भारतातील स्थानिक चाचणीतून सूट देण्याची तरतूद केली. हेतू चांगला आहे, कारण रुग्णाजवळ थांबायला वेळ नसतो. पण सूट म्हणजे उत्तर नव्हे. येथील शरीरावर औषध काय करते, हे कोणी तरी, कधी तरी मोजावे लागेलच.

ते मोजायचे कुठे? नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारखे गाव डोळ्यांसमोर आणावे. तेथल्या तरुणाचे पाऊल लोंबू लागले तर पहिला तर्क कंबरेतली नस दबल्याचा होईल, आणि जनुकतपासणीपर्यंत पोहोचायला मुंबई गाठावी लागेल. सातपुड्याच्या परिसरात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आहे, हे आज सर्वांना माहीत आहे. भारतात त्या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली, आणि इतरत्र तो दिसला तो लोक तपासायला गेले तेव्हा. स्नायुविकार शोधायला अजून तसे कोणी गावोगाव फिरलेले नाही.

आणि समजा फिरले, तर पुढचा प्रश्न भाषेचा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत सहभागी होणाऱ्याला त्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते, आणि वाचता येत नसल्यास निष्पक्ष साक्षीदार लागतो. त्या भागात घराघरांत भिली, पावरी, अहिराणी बोलली जाते. 'तुला मिळणारी गोळी औषधाची असेल किंवा नसेलही, आणि ते आम्हालाही ठाऊक नसेल' हे वाक्य प्रमाण मराठीतदेखील प्रामाणिकपणे सांगणे कठीण, कारण गोळी देणारा वैद्य आणि काही ठाऊक नसलेला वैद्य हे एकाच माणसात पाहण्याची आपल्याला सवय नाही. मापनाचेही तेच. बलमापकावरच्या किलोंपेक्षा मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येते का, शेताच्या बांधावरून तोल न जाता चालता येते का, ह्याने तेथे आजार मोजला जातो. ही कामे मोजपट्टीत आली नाहीत, तर पुढची चाचणीही भलत्याच प्रश्नाचे अचूक उत्तर देऊन मोकळी होईल.

साहित्याचे शिक्षक-विद्यार्थी ह्यात काय करू शकतील, असे कोणी विचारील. माहितीपत्रके, संमतीपत्रे, लक्षणांच्या प्रश्नावल्या ह्या शेवटी संहिताच आहेत, आणि भाषांतराचे काम जाणणारे लोक त्यांच्याकडे क्वचितच फिरकतात. पुढची चाचणी केव्हा, कोठे होईल हे आज सांगता येत नाही. पण ती संमतीपत्राच्या ज्या पानाने सुरू होईल, ते पान नीट लिहून ठेवायला आजपासून हरकत नसावी.