कल्हई नसलेली भिंत

पडघ्याला माझ्या भाच्यानं घर बांधलं. महामार्गालगत भाताच्या खाचरांच्या जागी जी गोदामं उभी राहिली, त्यांतल्याच एकात तो कामाला आहे. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी घरी एक चपटं खोकं आलं. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेली तीन चित्रं होती. पहिल्यात गारद्यांच्या तलवारीखाली राघोबादादांना बिलगलेला नारायणराव. दुसऱ्यात लेखणीच्या फटकाऱ्यानं ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई. तिसरं कालीघाटच्या बंगाली पटावरून घेतलेलं, एलोकेशीवर विळी उगारलेल्या नवऱ्याचं. भाच्याच्या थोरल्या काकांनी चष्मा पुसून तिन्ही पाहिली आणि म्हणाले, “बाळा, हे घर आहे, कोतवालचावडी नव्हे.”

नारायणरावाच्या चित्रावर काकांनीच हरकत घ्यावी याचं मला हसू आलं. पण त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वास्तूवाले महाभारताचं युद्ध भिंतीवर लावू नका म्हणतात, तेवढ्यावर ते थांबले नाहीत. संस्कृत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ ते. म्हणाले, “कागद चार पावसाळ्यांत जातो, तांबं उरतं. म्हणून जे उरावंसं वाटलं, तेच आपल्या लोकांनी तांब्यावर कोरलं. दानं कोरली, पुण्य कोरलं. कलंक बखरीत लिहा, नाटकात दाखवा. धातूवर आणि घरात नको. ही विलायती खोड आहे.” बहुतेक सुशिक्षित मराठी घरांत हेच मत असतं, फक्त इतकं नेटकं कुणी मांडत नाही.

आता तांब्याचंच घेऊ. राष्ट्रकूट अमोघवर्षाचा संजाणचा ताम्रपट शके ७९३ चा, म्हणजे इसवी सन ८७१ चा. संजाण आज गुजरातेत असलं, तरी मुंबई इलाख्यात ते ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणजे आमच्या शेजारचंच. त्या दानपत्रात अमोघवर्षाची थोरवी सांगताना एका गुप्त राजाची लाज काढली आहे: त्यानं भावाला मारलं, त्याचं राज्य घेतलं आणि त्याची राणीही घेतली. रोख दुसऱ्या चंद्रगुप्ताकडे आहे असं अभ्यासक मानतात. भाऊ रामगुप्त, राणी ध्रुवदेवी. जवळपास पाचशे वर्षांपूर्वीची भानगड तांब्यावर चढली, तीही पुण्याच्या दस्तऐवजात.

पुढची गंमत चौथ्या गोविंदाची. शके ८५५ च्या सांगली ताम्रपटात हा राष्ट्रकूट राजा बजावतो, की सामर्थ्य असूनही मी थोरल्या भावाशी क्रूर वागलो नाही, भावाच्या बायकोशी वावगं वागून दुष्कीर्ती ओढवून घेतली नाही. कुणी विचारलं नसताना इतकं सांगणाऱ्याबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात काय येतं, ते लिहायला नको. मग तिसऱ्या कृष्णाचा देवळीचा ताम्रपट येतो, शके ८६२ चा, वर्धा जिल्ह्यातला. त्यात हाच गोविंद स्त्रियांच्या नेत्रपाशात अडकून बुद्धी घालवून बसलेला दिसतो. एकानं धातूवर आपली कल्हई केली, सात वर्षांत दुसऱ्यानं धातूवरच ती खरवडली.

शिवाय हे पत्रे राहत कुठे? दान घेणाऱ्याच्या घरात. जमिनीचा हक्क त्यांवरच, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते जपले जात. तेव्हा ‘धातूवर नको, घरात नको’ ही दोन्ही कलमं एकदमच पडतात.

राहिली विलायती खोड. शिलाहारांच्या काळच्या गधेगाळी काका विसरले. परळला सापडलेली दुसऱ्या अपरादित्याची शके ११०८ ची शिळा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढवाची शिवी तिच्यावर लिहिली आहे आणि खाली ते दृश्यही कोरलं आहे. कलंक दाखवूनच धर्म राखायचा, ही रीत इथलीच. बरं, शिळा उघड्यावर, घराचं काय? तर रविवर्म्याच्या छापखान्यातून १८९४ साली मुंबईत पहिलं चित्र निघालं ते शकुंतलाजन्माचं. मेनका मूल पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवतो आहे. पोटचं मूल नाकारणारा ऋषी! आपल्या आजोबा-पणजोबांनी असली चित्रं चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगली. पौराणिक म्हटलं की सोवळं, ऐतिहासिक म्हटलं की ओवळं, या भेदाला आधार काय?

पत्र्याच्या चिरंजीवपणाचाही बाऊ नको. भाच्याच्या चित्रांसारख्या छपाईत रंग धातूत उतरतच नाही. पत्र्यावर लेप असतो, सुमारे दोनशे अंशांच्या उष्णतेनं रंगाची वाफ होते आणि लेपात मुरते. पश्चिमेच्या उन्हासमोर टांगा, पेशवाई फिकी पडेल.

पण काकांचं एक म्हणणं उरतं, ते त्यांनी स्वतः नीट मांडलं नव्हतं. धातूवर चढलेलं खरं वाटू लागतं. अमोघवर्षाच्या ताम्रपटावर विसंबून गुप्तांचा न्याय करता येत नाही, तो लेख आत्मस्तुतीचा आहे. तोच निकष भाच्याच्या खोक्याला लावला पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव मारला गेला हे पक्कं. रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला हेही पक्कं. मात्र आनंदीबाईंनी अक्षर फिरवलं, याला टिकेल असा पुरावा नाही. त्या चित्रात दिसतो तो आळ आहे, आणि आळ लावायला माझी हरकत आहे. अशुभ म्हणून नव्हे, शाबीत नाही म्हणून.

एलोकेशीचं प्रकरण तसं नाही. १८७३ साली तारकेश्वरच्या महंताशी तिचा संबंध उघड झाला, तिच्या नवऱ्यानं, नवीननं, तिला मारलं, खटला चालला, महंत तुरुंगात गेला. कालीघाटच्या पटुआंनी हे सगळं रंगवून यात्रेकरूंना विकलं. मात्र त्यांनी तुरुंगात घाणा ओढणारा महंतही रंगवला. मरणारी पोर सोफ्याच्या वर टांगण्यापेक्षा तो घाणा टांगावा. भाच्याला हे पटलं, त्याच्या बायकोला जास्त पटलं.

काकांना काय पटलं ते कळलं नाही. त्यांनी सांगलीच्या ताम्रपटातला श्लोक उतरवून मागितला आणि “सामर्थ्य असूनही” म्हणजे मूळ शब्द काय, यावर माझी तासभर उलटतपासणी घेतली. तोवर नारायणराव जिन्याखालच्या भिंतीवर चढला होता, उन्हापासून लांब. आनंदीबाई पुन्हा खोक्यात गेल्या. परत पाठवायची मुदत अजून संपली नव्हती आणि परतीचं गोदाम भाच्याच्या गोदामाला लागूनच होतं.