पाकिस्तानातील सौरऊर्जा
पाकिस्तानने 2024 या एकाच वर्षात चीनकडून सुमारे 17 गिगावॉट क्षमतेचे सोलर पॅनेल मागवले. बहुतेक लोकांनी ते स्वतःच्या खिशातून बसवले. कारण साधं: 2022 नंतर वीजबिलं भडकली, लोडशेडिंग होतंच, आणि चिनी पॅनेल मात्र स्वस्त होत गेले. आता लिथियम बॅटऱ्याही येतायत. दुपारची वीज साठवून मगरिबनंतर पंखा चालतो.

खरी गोम पुढे आहे. वीज घेतली नाही तरी अनेक खाजगी वीजप्रकल्पांना करारानुसार ठरलेली रक्कम द्यावीच लागते. पैसेवाले सोलरकडे वळले की तो बोजा उरलेल्या ग्राहकांवर येतो. म्हणजे स्वतःचं छत नसलेल्या भाडेकरूच्या बिलात.