घरची बुरशी घरीच तपासता येते का? थोडा इतिहास

कुहीसारख्या तालुक्यात, एका बाजूला गोसेखुर्दचं बॅकवॉटर आणि वरून चार महिने पाऊस, भिंतीला ओल येणं नवीन नाही. नवीन आहे ती ऑनलाइन मिळणारी बुरशी तपासायची बशी. झाकण काढून काही वेळ खोलीत ठेवा, मग झाका, चार-पाच दिवसांनी काय उगवलं ते पाहा. २०२१ मध्ये विदर्भाने काळ्या बुरशीची भीती अनुभवली, त्यामुळे बशीत काळे-हिरवे ठिपके दिसले की माणूस घाबरतो. साहजिक आहे.

पण ही युक्ती जुनी आहे, आणि तिच्या मर्यादाही तितक्याच जुन्या. १८७३ मध्ये डॉ. कनिंगहॅम यांनी कलकत्त्याच्या तुरुंगांतली हवा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निष्कर्ष छापले. बुरशीचे बीजाणू त्यांना जवळपास नेहमीच सापडले. मात्र बीजाणू कमी-जास्त होण्याचा आणि कॉलरा, हगवण किंवा डेंग्यूचे रुग्ण कमी-जास्त होण्याचा काहीही मेळ बसला नाही.

आता लंडनची गोष्ट. १९२८ मध्ये सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ला टूश नावाचे बुरशीतज्ज्ञ दमेकऱ्यांच्या घरांतली बुरशी वाढवत होते. म्हणजे घरची बुरशी तपासणीच म्हणा ना! वरच्या मजल्यावर फ्लेमिंग जंतूंवर काम करत. त्यांच्या बशीत जी बुरशी येऊन पडली, ती ला टूश यांच्याकडूनच उडत आली असावी, असं मानलं जातं. त्यातून पेनिसिलिन मिळालं आणि १९५४ मध्ये आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. गंमत अशी की ती बुरशी नेमकी कोणती, हे खुद्द ला टूश यांनीच चुकीचं सांगितलं होतं. पुढे अमेरिकेतल्या चार्ल्स थॉम यांनी ते दुरुस्त केलं. तेव्हा रंग पाहून तुम्ही-आम्ही बुरशी ओळखणं विसराच.

बशीची खरी अडचण अशी: तिच्यात पडेल तेच उगवतं. जड बीजाणू पटकन खाली बसतात, हलके तरंगत राहतात. मेलेले बीजाणू उगवतच नाहीत, पण ॲलर्जी तेही देऊ शकतात. शिवाय किती हवेतून किती बीजाणू आले, हे बशीला कळत नाही. म्हणून तर १९५०च्या दशकात ठरावीक हवा ओढून घेणारी यंत्रं आली. आणि आकडा मिळाला तरी पुढे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शन दिलं, त्यात बीजाणूंची ‘सुरक्षित’ मर्यादा ठरवलेली नाही. ओल हटवा, एवढाच भर आहे.

राहिली काळ्या बुरशीची भीती. म्युकरमायकोसिसचे बीजाणू माती, शेणखत, हवा, सगळीकडे असतात. २०२१ मध्ये धोका वाढला तो मुख्यतः अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडमुळे. भिंतीवरच्या काळ्या डागाशी त्याचा संबंध जोडू नका. साखर मात्र तपासा.

भिंतीवर बुरशी दिसते किंवा कुबट वास येतो, तर वेगळ्या तपासणीची गरज नाही. गळती शोधा, ओल बंद करा, खिडक्या उघडून, तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा. घरात दमेकरी किंवा केमोथेरपी घेणारं कुणी असेल, तर हे काम दुसऱ्याने करावं. आणि डॉक्टरकडे येताना बशी आणू नका. खोकला, धाप कधी वाढते, पावसाळ्यातच का, बाहेरगावी गेल्यावर कमी होते का, एवढं दोन आठवडे कागदावर लिहून आणा.