अंत्यगृहातील लहान ऑर्गन



संगीत नाटकांची आवड ज्या घरांत तीन-चार पिढ्या टिकली, त्या घरांना ऑर्गन नवा नाही. आपला ऑर्गन म्हणजे पायपेटी. पायांनी भाता चालवायचा आणि आतल्या धातूच्या पट्ट्यांनी स्वर द्यायचा. पाइप ऑर्गन निराळा. त्यात दर स्वराला स्वतंत्र नळी असते आणि बासरीत फुंकर घालावी तसा वारा तिच्यात शिरतो. मोठ्या चर्चमध्ये अशा नळ्या हजारोंनी असतात. आज ज्या वाद्याविषयी बोलायचे आहे त्यात त्या दोन-तीनशेच असत, आणि ते चर्चमध्ये नसे. ते अमेरिकेतील अंत्यगृहांत असे. मृतदेह ठेवायचा, आप्तांनी दर्शन घ्यायचे, प्रार्थना करायची आणि तेथून दफनभूमीकडे निघायचे, यासाठी चालवलेली खासगी वास्तू म्हणजे अंत्यगृह.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तिकडेही माणूस बहुधा घरातच मरे आणि घरातूनच जाई. मृतदेह दिवाणखान्यात ठेवत. त्याच दिवाणखान्यात अनेक मध्यमवर्गीय घरांत पायपेटी असे. व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो या गावच्या एस्टी कंपनीने अशा पाच लाखांहून अधिक पेट्या बनवल्या, यावरून तिचा प्रसार लक्षात यावा. रविवारी संध्याकाळी जिच्यावर भक्तिगीते वाजत, तीच पेटी घरात मृत्यू झाला तरी हाताशी असे. वाजवणारी कोणी घरची मुलगी असे, नाहीतर शेजारीण.

पुढे मृत्यूच घराबाहेर गेला. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दूर रणांगणावर पडलेल्यांचे देह गावी पाठवण्यासाठी औषधी द्रव्ये भरून टिकवण्याची कला पसरली. १८६५ च्या एप्रिलात अध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली. त्यांचा देह असाच टिकवून रेल्वेने शहराशहरांतून नेला गेला आणि जवळजवळ तीन आठवड्यांनी स्प्रिंगफील्ड येथे त्यांना मूठमाती मिळाली. लाखो लोकांनी ते पाहिले. या कामाचा व्यवसाय झाला, आणि १८८२ मध्ये व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरांतली घरे लहान झाली, माणसे इस्पितळात मरू लागली, आणि दिवाणखान्याचे ते काम अंत्यगृहाकडे गेले. पुष्कळ अंत्यगृहे जुन्या प्रशस्त वाड्यांत थाटली गेली. खाली विधी आणि वर मालकाचा संसार, अशीही रीत होती.

या नव्या जागेला घरासारखेही दिसायचे होते आणि चर्चसारखेही. घरपणासाठी गालिचे, दिवे आणि आरामखुर्च्या आल्या. चर्चपणासाठी ऑर्गन आला. पण बैठकीच्या दालनात मोठा ऑर्गन मावणार कसा? कारागिरांनी दोन युक्त्या वापरल्या. वरचे तोंड बंद केलेली नळी उघड्या नळीच्या निम्म्या लांबीत तोच स्वर देते. त्यामुळे खर्जाच्या नळ्या ठेंगण्या छताखाली बसल्या. दुसरी युक्ती काटकसरीची. एकसष्ट पट्ट्यांच्या वाद्यात दर आवाजासाठी एकसष्ट नळ्यांची रांग लागते. त्याच रांगेला वर-खाली बारा-बारा नळ्या जोडल्या की पंच्याऐंशी नळ्यांत तीन सप्तकांतले तीन आवाज मिळतात. अशा तीन-चार रांगा एखाद्या कोठडीत बसवत आणि पुढे उघडझाप होणाऱ्या झडपा लावत, म्हणजे आवाज कुजबुजीइतका खाली आणता येई. एस्टीने १९०१ पासून पाइप ऑर्गनही बनवले, आणि पुढे तर पियानोच्या पेटीत मावणारा ‘मिन्युएट’ काढला. मेरीलँडमधील मोलर आणि इलिनॉयमधील विक्स या कंपन्याही लहान ऑर्गन बनवत. १९२७ नंतर बोलपट आल्याने मूकपटगृहांतले ऑर्गन निरुपयोगी झाले. त्यांतले बरेच चर्चमध्ये गेले, काही अंत्यगृहांतही आले.

मग १९३५ मध्ये लॉरेन्स हॅमंड या विजेची घड्याळे बनवणाऱ्या माणसाचा ऑर्गन बाजारात आला. त्यात नळी नाही, वारा नाही. विजेवर फिरणारी दातेरी चाके आणि चुंबक. हा पाइप ऑर्गनची बरोबरी करतो, या जाहिरातीवर फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली. सुनावणीच्या काळात शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये दोन्ही वाद्ये आळीपाळीने आडून वाजवली गेली. जाणकारांचाही अंदाज सुमारे एक तृतीयांश वेळा चुकला. १९३८ मध्ये कमिशनने तो दावा करण्यास मनाई केली खरी, पण अंत्यगृहांपुरता निकाल कानांनी आधीच दिला होता. स्वस्त, सुटसुटीत, वरचेवर सूर लावण्याची कटकट नसलेला हॅमंड तेथे रुळला. त्यानंतर ध्वनिफिती आल्या आणि वाजवणाऱ्याचीही गरज उरली नाही. एस्टीचा कारखाना १९६० मध्ये बंद पडला.

या लहान ऑर्गनला नक्कल म्हणून हसणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. ज्या कुटुंबाचे कोणत्याही चर्चशी नाते नव्हते, त्यालाही त्याने शेवटच्या निरोपाला सूर दिला. पडद्याआड बसलेला वादक पगारी होता हे खरे. पण जमलेल्यांचा हुंदका ऐकून हात आवरण्याइतका तो तेथे हजर होता. आधी घरच्या माणसाचा हात, मग पगारी माणसाचा हात, आणि शेवटी कोणाचाच नाही, असा हा क्रम आहे.

हा क्रम केवळ त्यांचाच, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. टाळ-मृदंगाच्या भजनात निघालेली अंत्ययात्रा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. आता वाडे गेले, सदनिका आल्या, आणि शववाहिनीतल्या कर्ण्यावर रामनाम लावलेले असते. नाम तेच असते, आणि सूरही चुकत नाही. पण ते म्हणायला शेजारचे कोणी आलेले असते का, एवढे प्रत्येकाने आपल्या गल्लीपुरते पाहावे.