पेन्सिलीने राखलेला राजवाडा

विद्यार्थी मित्रांनो, इतिहास तलवारीने घडतो असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. तो पेन्सिलीनेही राखता येतो, याचे एक उदाहरण येथे सांगावयाचे आहे.

जर्मनीत नेकार नदीच्या काठी हायडेलबर्ग नावाचे शहर आहे. १३८६ साली स्थापन झालेले तेथील विद्यापीठ आजच्या जर्मनीतील सर्वांत जुने होय. शहराच्या वर, टेकडीच्या उतारावर, तांबड्या दगडाचा एक प्रचंड भग्न राजवाडा आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजांनी १६८९ व १६९३ मध्ये शहर आणि राजवाडा दोन्ही उद्ध्वस्त केले. १७२० मध्ये तेथील राज्यकर्त्याने आपले ठाणे मानहाइमला हलविले. १७६४ मध्ये वीज पडून राजवाडा पुन्हा जळाला. धनी नसलेल्या वास्तूचे जे सर्वत्र होते तेच येथेही झाले. लोक तिचे दगड घरे बांधण्यासाठी नेऊ लागले.

अशा वेळी, १८१० साली, शार्ल द ग्रेमबेर नावाचा चित्रकार तेथे आला. तो फ्रेंच सरदार घराण्यातला. राज्यक्रांतीमुळे त्याच्या कुटुंबाला देश सोडावा लागला होता. तो आला चित्रे काढावयास, आणि १८६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ५४ वर्षे, तेथेच राहिला. नदी, पूल, घरांची छपरे आणि वर तो भग्न राजवाडा त्याने कागदावर उतरविला. दगड नेण्याविरुद्ध त्याने आवाज उठविला. १८२२ पर्यंत तर त्याने स्वखुशीने राजवाड्यावर पहारा केला. काही काळ तो तेथेच राहतही असे.

त्या काळी कॅमेरा नव्हता. चित्रे धातूच्या पत्र्यावर कोरून त्यांच्या प्रती छापीत. प्रवासी त्या विकत घेऊन आपापल्या देशी नेत. अशा रीतीने त्या भग्न राजवाड्याची कीर्ती युरोपभर पसरली. गावकरी ज्याला दगडांचा ढीग समजत होते, तो पाहावयास परदेशातून माणसे येऊ लागली! इंग्रज चित्रकार टर्नर यानेही तो रंगविला. पुढे १८९१ मध्ये तज्ज्ञांनी ठरविले की, राजवाडा नव्याने बांधू नये. आहे तसा जपावा. ग्रेमबेरने जमविलेल्या वस्तूंतून शहराचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले.

१९०७ साली जर्मन भाषा शिकण्यासाठी आपले महाकवी इक्बाल याच गावी राहिले होते. नेकारकाठच्या संध्याकाळच्या शांततेवर त्यांनी उर्दूत कविता लिहिली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

वाचकहो, राजवाडा पाडणारी फौज फ्रेंच आणि तो राखणारा माणूसही फ्रेंच, हे ध्यानात घ्या. माणसाची पारख त्याच्या मुलखावरून नव्हे, त्याच्या हातून झालेल्या कामावरून करावी.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी चित्र काढीत बसली, तर "अभ्यास सोडून हे काय?" असे म्हणू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी जुनी मशीद, वेस, बारव किंवा नदीचा घाट असेल. येत्या सुटीत वही घेऊन तेथे जा. दिसेल तेवढेच काढा, मनचे घालू नका. खाली गावाचे नाव व तारीख लिहा. उद्या ती वास्तू राहिली नाही, तर तुमचा तो कागदच इतिहासाचा साक्षीदार ठरेल. आणि कदाचित त्या कागदामुळेच ती वास्तू राहील.